डोहातले पाहुणे

आमच्या घरातून नदी दिसत नसे, पण ऐकू येत असे. परड्याच्या खालच्या अंगाला वाघजाईचं देऊळ, देवळासमोर नदीत उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या, आणि पायऱ्या जिथे बुडतात तिथे डोह. आमच्याकडे डोहाला डव म्हणतात. या डवात देवीचे मासे होते, खडस जातीचे, हाताएवढे लांब, अंगावर मोठमोठे खवले, उन्हात आले की घासलेल्या पितळेसारखे चमकणारे. त्यांना कोणी मारायचं नाही अशी वहिवाट होती. गळ नाही, जाळं नाही, पाण्यात साधी काठीसुद्धा घालायची नाही. देवळात आलेला माणूस देवीला फूल वाहून झालं की पायरीवर बसे आणि मूठभर लाह्या पाण्यात टाकी. मग ते मासे वर येत, आणि त्यांच्या शेपट्यांचा आवाज थेट आमच्या चुलीपर्यंत पोचे. ओला कपडा धोंड्यावर आपटावा तसा आवाज. भाकरी थापता थापता आई म्हणायची, "वन्सं, कोण तरी आलंय देवळात. बघा, पावणे असतील तर चाय ठेवते."

वन्सं म्हणजे माझी आत्या, भागीरथी. बाबांची थोरली बहीण. बाबा तिला बाय म्हणत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती आमच्याकडे आली आणि आमचीच झाली. आमच्या घरात दोन चुली नव्हत्या, पण दोन मतं कायम असत, आणि त्यातलं एक आत्याचं असे. कुळथाच्या पिठीत लसूण किती घालायची इथपासून माझ्या शिक्षणापर्यंत. बाबा म्हणत, दहावी झाली, आता मुंबईला काकाकडे धाडू, कुठे तरी चिकटेल. आत्या म्हणे, "मुंबय कुठं पळून जात नाय. पोराला शिकायचं हाय तर शिकू दे." आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मला स्वतःलाही ते झेपेल असं वाटत नव्हतं, पण हे बोलून दाखवायचीही हिंमत नव्हती. आत्या बोलत होती म्हणून मी शिकत गेलो, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

मी बारावीच्या परीक्षेला बसण्याआधी तिने देवीला नवस केला. सदा पास झाला तर डवात जिवंत मासे सोडीन. असा नवस आमच्याकडे नवीन नव्हता. लोक वरच्या ओहोळातून चार बोटभर मासे आणून सोडत आणि नारळ फोडत. पण माझ्या पास होण्याला ओहोळातले मासे आत्याला पुरेसे वाटले नाहीत. तिचा दीर अलोऱ्याला कॉलनीत कामाला होता. त्याच्याकडे ती बारशाला गेली होती, तेव्हा जवळच्या गावात कोणाच्या तरी तळ्यात तिने मासे पाहिले. भराभर वाढणारे, धष्टपुष्ट. निकाल लागला, मी पास झालो, आणि आत्या एस.टी.ने अलोऱ्याला जाऊन दुधाच्या किटलीत ते मासे घेऊन आली. चिपळूणच्या स्टँडवर तिने किटलीतलं पाणी बदललं. कंडक्टरने विचारलं, "बाय, दूध काय?" आत्याने सांगितलं, "दूध नाय, नवस हाय." हे तिने स्वतःच आम्हाला इतक्या वेळा सांगितलं, की तो कंडक्टर मला अजून ओळखीचा वाटतो. वाडी जमली, धोंडूकाका गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, आणि आत्याने किटली पायरीवर ओणवी केली. करडे, काटक मासे होते. क्षणभर उथळ पाण्यात गोंधळून फिरले आणि दिसेनासे झाले. मला आठवतं, मला त्या वेळी फार लाज वाटली होती आणि फार बरंही वाटलं होतं.

मी रत्नागिरीला कॉलेजात गेलो. वसतिगृहातलं जेवण, इंग्रजीतून शिकवणारे सर, फर्डं बोलणाऱ्या शहरी मुलांच्या मागच्या बाकावर बसून वहीत डोकं घालण्याचे ते दिवस. त्यांच्याबद्दल पुढे कधी तरी लिहावंसं वाटलं तर लिहीन. इथे सांगायचं ते एवढंच, की मी सुट्टीला घरी येई तेव्हा काही तरी बदललेलं असे, आणि काय ते मला समजत नसे. आई भाकरी थापत असे, देवळात माणसं येत असत, पण तो शेपट्यांचा आवाज येत नव्हता. त्याऐवजी नुसती बारीक खळखळ. पायरीवर लाह्या टाकल्या की करडे मासे झुंडीने येत आणि पाणी शिजल्यासारखं होई. खडस खाली काळ्या पाण्यात असत, वर येत नसत. आणि पावसाळ्यानंतर कडेच्या उथळ पाण्यात त्यांच्या पिल्लांची जी काळीभोर दाटी व्हायची, ती नव्हती.

पण वाडीचं लक्ष दुसरीकडेच होतं. शिमग्याला घरी आलो तर देवळात गर्दी. उथळ पाण्यातल्या वाळूत गोल खळगे उमटले होते, एकाशेजारी एक, अगदी पंगतीतल्या ताटांसारखे. कोणी काढले म्हणावं तर पाण्यात माणूस उतरलेला नाही. बायका म्हणाल्या, ही देवीची ताटं. देवी डवात पंगत मांडते. पायऱ्यांवर हळदकुंकू पडलं, पलीकडच्या वाडीतून लोक दर्शनाला आले. आमचा शेजारी पांडूकाका गिरणीतली नोकरी सोडून मुंबईहून आला होता आणि कशाचीही थट्टा केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. तो म्हणाला, "पंगत मांडली ता बरा केलान, पण वाढपी कोण? माका आमंत्रण नाय तर मी जेवायला बसणार नाय." गुरवकाका त्याच्यावर खेकसले. आत्या मात्र हरखली होती. तिचे मासे सोडल्यापासूनच देवी प्रसन्न झाली, असं चार बायका बोलल्या होत्या, आणि ती ते विसरत नव्हती.

त्याच दिवशी मी पायरीवर बसलो असताना एका खंड्याने पाण्यात सूर मारला आणि उडताना चोचीतला मासा सांडला. तो माझ्या पायाशी पडला, मेलेला. डवातला मासा उचलायचा नाही हे मला माहीत होतं. पण हा खंड्याने उचललेला, असं मी मनाशी म्हटलं आणि आईच्या मिठाच्या बरणीतलं मीठ लावून डब्यात भरला. एस.टी.त तो डबा मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा पुढच्या बाकावरच्या माणसाने लांजा येईपर्यंत तीनदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

आमचे प्राणिशास्त्राचे सर शांत होते. मी डबा उघडला तर म्हणाले, "जेवायला आणलास की दाखवायला?"

"दाखवायला, सर."

त्यांनी पेनच्या टोपणाने पाठीवरचा पर उभा केला. काटे ताठ उभे राहिले. "हा तिलापिया. आपल्याकडचा नाही, आफ्रिकेतला. तळ्यात झपाट्याने वाढतो म्हणून लोक पाळतात. नर वाळूत गोल खळगा करून त्यावर पहारा देतो, मादी अंडी तोंडात सांभाळते. स्वतःच्या पोरांना फार जपतो हा मासा. दुसऱ्यांच्या अंड्यांची आणि पिल्लांची मात्र गय करत नाही."

"खळगा केवढा, सर?"

"असेल ताटाएवढा. का रे?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. सरांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, मोठ्या नदीत एक वेळ चालून जाईल, पण उन्हाळ्यात प्रवाहापासून तुटलेल्या डोहात खडसांची नवी पिढी उरणार नाही. म्हातारे मासे मरतील तेव्हा देवीचे मासे संपतील. काढायचे तर पाणी सर्वांत कमी असताना, पावसाच्या आधी. "पण ते तुझ्या गावाला पटायला हवं," ते म्हणाले. "मी येऊन सांगितलं तर ऐकतील का?" गावाचं सोडा, मला आत्याला सांगायचं होतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपवून मे महिन्यात घरी आलो. सांगायला दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. एका दुपारी आत्या मागच्या पडवीत फणस फोडत बसली होती. हाताला खोबरेल चोपडलेलं, मांडीशी गऱ्यांची रास. मी चीक पुसायला म्हणून शेजारी बसलो आणि खाली मान घालून सगळं बोललो. ताटांचंही. ती गरे काढत राहिली. आठळ्या एकीकडे, गरे एकीकडे. मग म्हणाली, "म्हंजे देवीच्या घरात मी चोर सोडले."

"तसं नाय, आत्ये."

"मगे कसं? तूच तर सांगतंस." मग आवाज उतरवून तिने विचारलं, "तुजा निकाल कदी?"

"जूनमध्ये."

"मगे जूनापर्यंत कुणाशी बोलू नको."

"जूनात नदी भरेल. मग वर्षभर काय करता यायचं नाय."

तिने हात थांबवला. "सदा, बारावी पास झालास ते त्या माशांवर. देवीला दिलेलं परत काढून घेतलं आणि तू नापास झालास, तर मी कुणाच्या दारात जाऊ? तुज्या बापसाला मीच सांगितलं होतं, पोराला शिकव म्हणून."

पेपर मी लिहिले होते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिच्याकडे बघून ते निघालं नाही. आज वाटतं, ते न बोललो हे बरंच झालं. मी पेपर लिहिले हे खरं असलं, तरी मला पेपरापर्यंत नेणारी ती होती, आणि तिच्या हिशेबात देवी होती. त्यातला कोणता धागा कुठे सुटतो हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ती एकटीच लाह्यांची वाटी घेऊन देवळात गेली. परत आली तेव्हा आई दिवा लावत होती. आत्या उंबऱ्यातच म्हणाली, "माज्या हातून खानारा तो म्हातारा मासा वर आलाच नाय. खालून बगत होता. हे मेले त्याला येऊ देईनात." आणि मग बाबांना, "उद्या वाडी बोलव. मी सांगते काय ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या मंडपात वाडी बसली. आत्याने उभं राहून सगळं सांगितलं, माझं नाव न घेता, जणू तिलाच कळलं होतं. कुजबुज झाली. एका म्हाताऱ्या काकीने ताटांना केलेले नमस्कार फुकट गेले म्हणून डोक्याला हात लावला. पांडूकाका म्हणाला, "फुकट कशे? आफ्रिकेत पोचले असतील." मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, ब्लिचिंग पावडर टाकू, तासाभरात सगळे वर. वाडीचे गावकर नाना, जे देवळातला पहिला मान घेत, ते ताडकन उठले. "सगळे वर म्हंजे देवीचेपण वर! डोकं हाय का खोकं?"

जाळं टाकू, गळ टाकू, यावर वाद वाढला. देवीच्या डवात लोखंड जायचं नाही, सूत जायचं नाही. शेवटी नेहमीप्रमाणे ठरलं, देवीलाच विचारू. कौल लावू. धोंडूकाकांनी देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "आई वाघजाई, तुज्या डवात परके मासे माजलेत, तुज्या लेकरांना त्रास देतात. जाळं लावून काढूया काय?" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." डावी पाकळी पडली. गळाचं विचारलं. पुन्हा डावी. धोंडूकाकांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर आत्याकडे बघून मला थोडं हायसंही वाटलं.

एवढ्यात आत्याच पुढे झाली. कौलाच्या वेळी बायका खांबांमागे उभ्या राहत. ती सरळ गुरवांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "धोंडूदादा, माज्या तोंडानं इचारा. जाळं नको, गळ नको. ज्या हातानं सोडले त्या हातानं काढू काय?"

धोंडूकाकांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "इचार." नव्या पाकळ्या लावल्या. त्या दिवशी वारा होता की नव्हता, हे मी पुढे कित्येकदा आठवून पाहिलं आहे. उजवी पाकळी पडली. मंडपात असा आवाज झाला, की परड्यात थांबलेल्या आईला वाटलं, कोणी पडलं की काय.

मग जे काम सुरू झालं तसं काम मी पुढे कुठल्या कचेरीत पाहिलं नाही. पाणी कमी झाल्यामुळे डवाच्या कडेचा उथळ भाग खोल भागाशी एका अरुंद वाटेने जोडलेला होता. तिथे धोंडे आणि ओली माती टाकून बांध घातला. धोंडे देवीचेच, त्याला हरकत नव्हती. आतलं पाणी प्लास्टिकच्या घमेल्यांनी, डब्यांनी, तांब्यापितळेच्या कळशांनी उपसायचं. पाणी गुडघ्याखाली आलं की हातांनी चाचपायचं. पहिली उतरली आत्या. लुगड्याचा काचा मारून ती एका ताटाशेजारी उकिडवी बसली, दोन्ही हात पाण्यात सोडले आणि दगडासारखी थांबली. खळग्याचा धनी आधी पळाला. मग आपलं घर राखायला परत आला. आत्याने त्याला वाळूवर दाबला. "काटा मारलान मेल्यान!" ती ओरडली आणि बोट तोंडात घातलं. सगळे हसले, आणि मग सगळे उतरले. कौल तिच्या हाताचा होता, तेव्हा बाकीच्यांनी उतरावं की नाही, असा प्रश्न कोणीतरी काढला. नाना म्हणाले, "वाडीचे हात वेगवेगळे कदी झाले?"

आत्याने ओळखायची खूण घालून दिली, "पाठीवर काटा उभारील तो पावणा. बाकीचे घरचे." खडसाची किंवा मळ्या नावाच्या इथल्याच माशाची पिल्लं सापडली की बायका ती ओंजळीत घेऊन कळशीत टाकत आणि कळशी खोल पाण्यात ओणवी करत. ज्यांची एरवी शेताच्या बांधावरून बोलणी बंद होती असे दोन भाऊ एका घमेल्याचे दोन कान धरून पाणी उपसत होते. एकमेकांशी बोलत मात्र नव्हते, घमेल्याशी बोलत होते. मी मधे उभा राहून सरांनी सांगितलेलं काहीबाही समजावत होतो. शेवटी बाबा म्हणाले, "बोलू नको, वाक." मी वाकलो. पुढचे काही दिवस सगळ्या वाडीची बोटं सुजलेली होती.

पाट्या भरल्या, आणि नवा प्रश्न आला. हे मासे देवीचे की नाहीत? देवीला वाहिलेलं खायचं कसं, आणि एवढं अन्न टाकायचं कसं? काही जण म्हणाले, माडांच्या मुळाशी पुरा. धोंडूकाकाही विचारात पडले. पायरीवर बोटाला हळद लावत बसलेली आत्या म्हणाली, "देवाला दिलेलं देव परत देतो, त्याला काय म्हनतात?" आणि उत्तरही तिनेच दिलं, "परसाद म्हनतात. नारळ फोडतास तेव्हा खाताच ना?" वेशीबाहेरच्या राखणदार देवाला आधी वाटा दाखवला, आणि घराघरांतून आमसुलाचं, ओल्या खोबऱ्याचं सार शिजलं. आईने तिरफळं जरा जास्तच घातली होती, कारण त्या माशाला चिखलाचा वास होता. पांडूकाका वाडगा घेऊन आमच्याकडे आला, दोन घास खाऊन म्हणाला, "वैनी, परसाद म्हनून खातंय हां. बाजारात घेतला असता तर परत केला असता." आणि पुन्हा वाडगा पुढे केला.

एका उपशात ते संपले नाहीत. संपतही नाहीत, पण आवरता येतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर उथळ पाण्यात पिल्लांची दाटी परत दिसू लागली. आता वैशाखात मुंबईची माणसं या कामासाठी रजा टाकून येतात. गेल्या खेपेला एका तरुणाने मला अदबीने समजावलं, "काका, ही आपली शेकडो वर्षांची प्रथा आहे. लोखंड चालत नाही, फक्त हात." मी मान डोलावली. त्याच्या बोटाला हळद लागलेली होती, त्याला कशाला अडवायचं?

निकाल जूनमध्ये लागला. मधल्या दिवसांत आत्याने त्याचं नाव काढलं नव्हतं, पण आमटीत दोनदा मीठ पडलं होतं आणि आईने ती निमूट खाल्ली होती. मी रत्नागिरीहून निकाल बघून परतलो तेव्हा ती पडवीत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "काय?" एवढंच विचारलं.

"पास. सेकंड क्लास."

तिने सुपातले तांदूळ एकदा पाखडले, दुसऱ्यांदा पाखडले. मग डोळे पुसले आणि एकदम माझ्यावरच करवादली. उपसा झाला त्याच संध्याकाळी तिने देवीला नवा नवस बोलला होता, घरात कोणालाही न सांगता. सदा बी.एस्सी. झाला तर डवात काही सोडणार नाही, पण जिवात जीव आहे तोवर दर वर्षी स्वतः पाण्यात उतरून पाहुणे काढीन.

"आता दर साल जाया लागनार मला त्या गार पान्यात," ती म्हणाली. "गुडघे धरलेत माजे, आणि तुला मेल्या पास व्हायची घाई!"